तिसरं बटण

भिंगरीला एका जागी बसवेना. समोर न्यायाधीशबाईंच्या टेबलावर बाबांचा शर्ट पसरला होता.

आईला घटस्फोट हवा होता आणि त्यासाठी बाबांचं बाहेर प्रकरण आहे हे सिद्ध करायचं होतं. साक्षीदार नाही, फोटो नाही. पुरावा काय, तर हा शर्ट! आई शिवणकाम करायची. घरातलं एकूण एक बटण तिने लावलेलं. बाबा 'कामासाठी' चार दिवस बाहेर राहून आले आणि तिसरं बटण निळ्या दोऱ्याने, भलत्याच हाताने, वेडंवाकडं लावलेलं निघालं. अर्जात तिने तसंच लिहून दिलं होतं.

एक गोष्ट मात्र आईला ठाऊक नव्हती. काल इस्त्रीच्या टेबलावर शर्ट दिसला आणि भिंगरीने ते बटण उसवून पांढऱ्या दोऱ्याने झोकात लावून टाकलं. वाकडा टाका दिसला की तिचे हात शिवशिवतात; वळण आईनेच लावलेलं! हाच तो शर्ट, हे तिला आत्ता कळत होतं.

"कुठे आहे निळा दोरा?" बाबांच्या वकिलांनी शर्ट फडकवला. "हा तर पांढराशुभ्र! अर्जदार बाईंना रंग ओळखू येत नाहीत वाटतं?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. आईचा चेहरा खर्रकन उतरला.

भिंगरी ताडकन उठली. "मी बदललं ते! निळाच होता. मला वाकडं बघवत नाही, म्हणून उसवलं. आईची शपथ!"

"घ्या! पोरीला पढवून आणलंय. धडधडीत खोटं बोलतेय."

"ओ वकीलसाहेब!" बाबाच उसळले. "माझ्या पोरीला खोटारडी म्हणायचं काम नाही! निळाच होता. तिच्याकडे दुसरा दोराच नव्हता त्या—"

वकिलांनी कपाळाला हात लावला.

"तिच्याकडे म्हणजे कुणाकडे?" न्यायाधीशबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

आई जिंकत होती. भिंगरीने खरं तर उड्या मारायला हव्या होत्या, पण तिला ना बसवत होतं, ना उभं राहवत होतं. तिची बोटं गणवेशाचं बटण पिळत होती, पिळतच होती. शेवटी ते हातात आलं.