मूठभर सुकडी

आज आक्काताईंनी बोलायचं नाही, असं घरात ठरलं होतं. ठरवणारे तिघे होते: मुलगा प्रसेनजीत, मध्यस्थी करणारा बाळासो आणि स्वतः आक्काताई. पैकी तिसरीवर पहिल्या दोघांचा काडीचा भरवसा नव्हता.

कारणही तसंच होतं. गेल्या वर्षी जयसिंगपूरचं एक स्थळ अगदी पसंतीपर्यंत आलं होतं. चहा पिता पिता मुलीच्या आत्यानं सहज विचारलं, "बहात्तरच्या दुष्काळात तुमच्याकडं कसं काय होतं हो?" झालं, आक्काताई खुलल्या. दुष्काळी कामावर खडी कशी फोडली, हाताला फोड कसे आले, शेडमध्ये सुकडी खाऊन दिवस कसे काढले, सगळं हातवारे करून सांगितलं. आत्याबाईंनी नाक मुरडलं. आठवड्यात निरोप आला की मुलीचं एवढ्यात करायचं नाही. त्याच मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात दुसरीकडं लागलं.

प्रसेनजीतला त्या स्थळाचं सोयरसुतक नव्हतं. पण ही निशा वेगळी होती. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीन चालवणारा हा पोरगा मित्राच्या लग्नाला वारणानगरला गेला आणि तिथं पंगतीत वाढणाऱ्या निशाला बघून जेवायचंच विसरला. ती दवाखान्यात नर्स होती. दोघं चार-दोनदा फोनवर बोलली होती. हे स्थळ हातचं गेलं तर पोरगं मनातून खचेल हे आईला दिसत होतं.

"आई, आज नुसतं हसायचं," त्यानं सकाळी बजावलं.

"दात दाखवत बसू व्हय दिवसभर?"

"व्हय."

पोटच्या पोराला आपल्या तोंडाची भीती वाटते, हे आक्काताईंना लागलं.

बघायचा कार्यक्रम घरी नको, बाहेरच भेटू, असं निशाच्या वडिलांनी सुचवलं होतं. कोल्हापूरच्या पूर्वेला माळावर एक ग्रामजीवन संग्रहालय नुकतंच उघडलं होतं. जुनं खेडं, बारा बलुतेदारांचे सिमेंटचे पुतळे, बहात्तरची जपून ठेवलेली दुष्काळी शेड. पोरं फिरतील, मोठी माणसं बोलतील. बाळासोनं सगळं ठरवलं आणि जागेचं नाव-गाव न सांगता आक्काताईंना वडापाच्या जीपमध्ये बसवलं.

वडाप थांबलं. आक्काताईंनी खाली उतरून मान वर केली आणि त्या जागीच थबकल्या. समोर दगडी भिंतींची, पत्र्याची लांबलचक शेड. बाजूला तोच वाकडा लिंब, आता दुप्पट झालेला. दारात सिमेंटचा एक मुकादम उभा केला होता, डोक्याला फेटा, हातात काठी.

"बाळासो," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "ही आमची शेड हाय. हितंच मी खडी फोडत हुतो."

बाळासोचा चेहरा पडला. "आक्का, पाया पडतो तुमच्या. ती कारखान्याच्या कॉलनीतली माणसं हायत. बाईसाहेब, पोरीची आई, माहेरच्या घरंदाज, उन्हात पाऊल न्हाय टाकलं कधी. मी सांगून बसलोय, तुमची पहिल्यापास्नं विहीर-बागायत हाय म्हणून."

"विहीर? आमची?"

"हसा, आक्का. आली बघा ती."

निशाचे वडील पिराजी साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलके गृहस्थ. आई तानाबाई रेशमी साडीत, मोजकं बोलणाऱ्या. जय भीम झाला, ख्यालीखुशाली झाली. निशानं वाकून नमस्कार केला आणि सरळ डोळ्यांत बघून हसली. पोरगी आक्काताईंना तिथल्या तिथं आवडली, आणि त्यामुळं जीव आणखीच टांगणीला लागला.

मंडळी खेडं बघत निघाली. भाता फुंकणारा लोहार, चाकावरचा कुंभार, विहिरीवरची मोट. विहीर दिसताच बाळासो उगाच खाकरला. प्रसेनजीत आणि निशा पुढं चालत होती, मध्येच कशाला तरी हसत होती. आक्काताई ठरल्याप्रमाणं दात दाखवत होत्या. त्यांचे गाल दुखायला लागले होते.

मग शेड आली.

माहिती सांगायला श्रुती नावाची तरणी बाई होती. तिनं सगळ्यांना आत नेलं. खडीच्या ढिगाशी बसलेल्या सिमेंटच्या बायका, हातात हातोडे, गालांवर रंगवलेले अश्रू. पलीकडं सुकडीची मोठी चूल आणि काळी पडलेली कढई. भिंतीवर जुनी पाटी तशीच ठेवली होती: 'सुकडी येथेच खावी. घरी नेऊ नये.'

"धान्य नव्हतं, पाणी नव्हतं," श्रुती मनापासून सांगत होती. "काम करणाऱ्यांना इथं सुकडी मिळायची. भाजलेलं पीठ, गूळ आणि तेल. ज्यानं काम केलं त्यानंच खायची, असा नियम. जाताना दारात मुकादम हात तपासायचा. किती असहाय माणसं होती ती! नुसती रडत बसायची."

आक्काताईंच्या जिभेवर शब्द उड्या मारायला लागले. रडायला सवड कुणाला होती? आम्ही भांडायचो, गाणी म्हणायचो, मुकादमाच्या चालीची नक्कल करून पोट दुखेपर्यंत हसायचो! त्यांनी ओठ गच्च मिटले. समोर त्यांचीच जागा होती. त्या खांबाला टेकून त्या बसायच्या, आणि आता तिथं कुणी भलतीच सिमेंटची बाई टिपं गाळत बसली होती.

आणि नेमकं पिराजींनी न राहवून विचारलं, "आक्काताई, बहात्तरला तुमच्याकडं कसं होतं हो?"

प्रसेनजीतनं मागं वळून आईकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत नुसती विनवणी होती.

"विहिरीला पाणी होतं त्यांच्या," बाळासो घाईघाईनं बोलला. "काय, आक्का?"

"व्हय," आक्काताई म्हणाल्या. "हुतं पाणी."

तीनच शब्द, पण घशातून जाताना खडीसारखे खरचटून गेले. आपल्याच चुलीसमोर, आपल्याच खांबासमोर उभं राहून आपण ते दिवस झिडकारले. आक्काताईंना आयुष्यात कधी खडी फोडल्याची लाज वाटली नव्हती. ती आज, या खोट्याची वाटली.

तानाबाई भिंतीवरच्या पाटीकडं बघत होत्या.

शेडच्या टोकाला बाकं मांडलेली होती. "पाहुण्यांना आम्ही सुकडीची चव देतो," म्हणत श्रुतीनं सगळ्यांच्या हातात पानांचे द्रोण दिले. प्रसेनजीतला ती बेताचीच लागली, पिराजींना गोड वाटली. आक्काताईंनी पहिला घास तोंडात घातला आणि त्यांना आजूबाजूचं काही दिसेनासं झालं. तोच खमंग भाजका वास, दाताखाली येणारा तोच गुळाचा खडा. त्या मान खाली घालून खात राहिल्या. कोण काय बोलतंय इकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

"मावशी," निशाचा आवाज आला, "पदरात काय बांधलंत?"

आक्काताईंनी खाली बघितलं. द्रोण रिकामा होता. डाव्या हातात पदराचं टोक होतं आणि त्याला छोटी, घट्ट गाठ बसलेली होती. ती आपण कधी मारली, हे त्यांना सांगता आलं नसतं.

बाळासोनं डोळे मिटले. प्रसेनजीत म्हणाला, "काही नाही, ते असंच…"

"असंच न्हाय," आक्काताई म्हणाल्या. सकाळपासून मिटलेलं तोंड एकदाचं उघडलं, आणि त्यांचा नेहमीचा खणखणीत आवाज पत्र्यावर जाऊन आदळला. "निशा, पोरी, तुला खरं सांगतो. आमच्याकडं विहीर नव्हती. आमी ह्याच शेडात खडी फोडली. माझी थोरली लेक तवा रांगत हुती, घरात सासूजवळ. ती उपाशी आन् मी हितं खाऊ व्हय? रोज शेवटची मूठ पदराला बांधायचो, काखेत दाबायचो आन् त्या मुकादमाच्या नाकाखालनं घरी न्यायचो. रडत न्हाय बसलो कुणी. पोरं जगवली. आता तुमास्नी हे घर पसंत नसलं तर नसू दे. पर खोटं बोलून सून आणायची न्हाय मला."

प्रसेनजीतच्या कानशिलांवर लाली चढली होती, पण तो हलला नाही. मग चार पावलं टाकून तो आईच्या शेजारी येऊन उभा राहिला. "सगळं खरं आहे," तो निशाला म्हणाला. "मीच आईला गप्प बस म्हणालो होतो. चुकलं माझं."

निशा त्याच्याकडं बघत नव्हती. ती तानाबाईंकडं बघत होती.

"आई, हात काढ बघू."

तानाबाईंनी उजवा हात मांडीवर घट्ट दाबून धरला होता. लेकीनं तो हळूच उचलला. खाली रेशमी पदराचं टोक होतं, आणि त्याला गाठ.

"लग्नात जेवली की जिलबी बांधून आणते," निशा ती गाठ चाचपत म्हणाली. "हळदीकुंकवाला गेली की लाडू. घरात फ्रीज भरलेला असला तरी. मी किती भांडले हिच्याशी! चारचौघांत लाज आणतेस म्हणाले. तू कधी बोलली नाहीस, आई."

"काय बोलू?" तानाबाईंना पहिल्यांदाच कंठ फुटला. "मिरजेच्या पलीकडं, तलावाच्या कामावर हुतो आमी. बंधाऱ्यावर माती टाकायचो. घरी दोन भाऊ हुते लहान. त्यांच्यासाठी न्यायचो. ह्यास्नी सगळं ठाऊक हाय. पर बाळासो म्हणाले, मुलाकडची माणसं बागायतदार हायत, दुष्काळाचं नाव काढू नगासा."

सगळ्यांच्या माना एकदम बाळासोकडं वळल्या. बाळासो लांबच्या काळ्या कढईचं बारकाईनं निरीक्षण करत होता.

"मोडून काढा ह्याला," आक्काताई म्हणाल्या आणि आधी पिराजी हसले, मग तानाबाई, मग निशा डोळे पुसत पुसत. त्या हसण्यात अर्धं रडू होतं, आणि ते कुणी लपवलं नाही.

आक्काताईंनी गाठ सोडली. दाबून बसलेली सुकडी तळहातावर घेतली आणि निशापुढं धरली. "ही मूठ लेकराचीच असती. घे."

निशानं ओंजळ केली नाही. तिनं सरळ तोंड पुढं केलं. आक्काताईंनी तिला भरवलं. तानाबाईंनीही आपली गाठ सोडली आणि प्रसेनजीतच्या तोंडात घास घातला. त्याला ती सुकडी मघापेक्षा गोड लागली असावी, कारण त्यानं ओठाला लागलेलंही चाटून खाल्लं.

"म्हणजे पसंती समजायची का?" पिराजींनी विचारलं.

"तोंड गोड झालं की, आणि काय राह्यलं?" तानाबाई म्हणाल्या.

निघताना आक्काताई परत वळल्या. श्रुतीकडून त्यांनी आणखी एक द्रोण मागून घेतला, त्यातली मूठ पदरात टाकली आणि नीट, सावकाश गाठ मारली. थोरली लेक इचलकरंजीला दिलेली होती, दोन पोरांची आई झाली होती; संध्याकाळी तिच्याकडं वाकडी वाट करून जायचं त्यांनी ठरवून टाकलं. तानाबाईंनी बघितलं, आणि त्यांनीही आपला पदर पुढं केला.

दोन्ही विहिणी बरोबरच दाराशी आल्या. सिमेंटचा मुकादम काठी घेऊन तसाच उभा होता. आक्काताई त्याच्या पुढ्यात थांबल्या आणि काखेत न दाबता गाठ त्याच्या नाकासमोर धरली.

"बघ रं," त्या म्हणाल्या, "घरी नेतोय."