परत आलेला सैनिक

योगितानं शेवटचं पान उलटलं, पदरानं कपाळ पुसलं आणि पुस्तकात नव्हतं ते वाचायला सुरुवात केली. कादंबरीतला सैनिक संध्याकाळच्या एसटीतून उतरला, पाणंदीनं चालत घरी आला, आईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तिचा आवाज एकदाही अडखळला नाही.

सतरंजीवर बसलेल्या बायका सैलावल्या. सत्यभामानं डोळ्यांना पदर लावला. तिचा लखन काश्मीरच्या सीमेवर होता आणि लढाई सुरू झाल्यापासून त्याचा फोन लागत नव्हता. घरात टीव्हीसमोर बसवेना म्हणून ती दुपारी नांदूरघाटच्या वाचनालयात योगिताचं वाचन ऐकायला येऊन बसायची. तिच्यादेखत सैनिकाचं मरण वाचायला योगिताची जीभ रेटली नाही.

भिंतीला टेकलेल्या मंजुळाबाईंनी विचारलं,

“एवढंच हाय का?”

“एवढंच, आजी.”

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, चपला घातल्या आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. त्यानंतरही नाहीत.

मंजुळाबाईंचे मालक एकाहत्तरच्या लढाईत गेले होते. घरी तार आली, माणूस आला नाही. सासूला चक्कर यायची म्हणून त्या मरणाचं नावच घरात कुणी काढेना, आणि सासू गेल्यावरही ती सवय तशीच राहिली. योगितानं हे पुस्तक वाचायला घेतलं तेव्हा त्यांनी तिला पाणवठ्यावर गाठून विचारलं होतं, त्यातला माणूस परत येतो का? येत नाही, असं योगितानं सांगून टाकलं. तेव्हापासून त्यांनी एकही दुपार चुकवली नव्हती.

त्या दिवशी वाचताना योगिताला फक्त सत्यभामा दिसत होती. हे सगळं तिला आठवलं, ते भिंतीजवळची जागा रिकामी राहू लागल्यावर.

लढाई थांबली. लखनचा फोन आला, सत्यभामानं वाचनालयात पेढे वाटले. दोन पेढे आणि ते पुस्तक घेऊन योगिता मंजुळाबाईंकडे गेली. त्या अंगणात शेळीला पाला घालत होत्या.

“आजी, त्या दिवशी मी शेवट बदलून वाचला.”

“म्हाईत हाय.”

“सत्यभामाकाकूंकडं बघून तसं केलं. आज खरा वाचून दाखवते. आपण दोघीच आहोत.”

मंजुळाबाईंनी हातातला पाला शेळीला घालून संपवला. मग हात लुगड्याला पुसून त्या ओट्यावर येऊन बसल्या.

“र्‍हाऊ दे, माय. मला बायांत बसून ऐकायचं होतं. एकटीनं लई वर्षं ऐकलं.”

योगितानं उघडलेलं पुस्तक मिटलं. मंजुळाबाईंनी पेढ्याचा तुकडा मोडून तोंडात टाकला, उरलेला तिच्या हातावर ठेवला.

“लखनला सुट्टी भेटली का?”

“पुढच्या महिन्यात येतोय म्हणे.”

“बरं झालं,” मंजुळाबाई म्हणाल्या. “सत्यभामेला सांग, त्याला माझ्याकडं धाड म्हणावं. मला बघायचंय, घरी आलेला माणूस कसा दिसतो.”