सासरेबुवांचा हात आणि तिसरी सीटी

सासऱ्यांना लहान वस्तूंचा मनापासून राग होता. चपला घेतील त्या एक माप मोठ्या, कुलूप घेतील ते तुरुंगाला शोभेल असं. त्यामुळे त्यांच्या लाँड्रीत कपडे वाळवायची दोन अजस्र यंत्रं आली आणि थ्री-फेजचा भार वाढवून घ्यावा लागला, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. वायरिंगचं काम अर्थातच जावयाच्या गळ्यात पडलं. जावई इलेक्ट्रिकल कंत्राटदार होता, आणि सासऱ्यांच्या मते घरचाच असल्यामुळे त्याला काही कळत नव्हतं.

एवढा प्रवाह थेट मीटरमधून नेता येत नाही. म्हणून प्रत्येक फेजच्या केबलवर एक सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर बसवतात. दिसायला जाडजूड कडं. केबल त्याच्या भोकातून जाते आणि मीटरला पेलेल इतकाच प्रवाह ते पुढे पाठवतं. जावयाने सगळ्या यंत्रांचा हिशेब मांडून दोनशेला पाचच्या, म्हणजे दोनशे अँपिअरचे पाच करून देणाऱ्या, तीन सीटी आणल्या.

दोन बसवून झाल्यावर सासऱ्यांनी तिसरी उचलून डोळ्याला लावली. "एवढीशी? आठशेवाली आणा. उद्या आणखी यंत्रं घेतली म्हणजे?"

"बाबा, आठशेवाली आपल्या भाराला फार मोठी होते. एखादंच यंत्र चालू असलं की रीडिंग चुकणार. ट्रक तोलायच्या काट्यावर लिंबू ठेवल्यासारखं."

"लिंबू कोणाला म्हणता, जावईबापू?"

"लाँड्रीला, बाबा."

हे उत्तर काही बरं झालं नाही. सासऱ्यांचा पारा चढला.

"अहो, जिथून माझा हात जात नाही, तिथून एवढी वीज कशी जाईल?" असं म्हणून त्यांनी बोटं जुळवली, हात भोकात घातला आणि रागाच्या भरात जोर लावला. हात गेला.

"गेला की!" जावई आनंदाने म्हणाला.

सासऱ्यांनी हात मागे ओढला. आला नाही. पिळला, झटकला, कण्हले. अंगठ्याच्या बुडाशी सीटी अशी घट्ट बसली होती, जणू फॅक्टरीतूनच तिथे बसवून आली होती.

नेमका तेव्हाच वीज कंपनीचा तपासनीस दारात उभा राहिला. तो हसत नसे, आणि कुणी हसलेलं त्याला खपत नसे. जावयाने बसवलेल्या दोन सीटी त्याने निरखून पाहिल्या.

"तिसरी?"

जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी पाठीमागे लपवलेला हात सावकाश वर केला.

तपासनीसाने खिशातून चष्मा काढला, सासऱ्यांचं मनगट उजेडाकडे वळवलं आणि सीटीवरची पट्टी वाचली. "दोनशेला पाच. अचूकतेचा वर्ग बरोबर. भाराला योग्य निवड आहे." मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "पण दिशा चुकली. पी-वन लिहिलेलं तोंड पुरवठ्याच्या बाजूला हवं. इथे ते कोपराकडे आहे."

"मी उलटा उभा राहू का?" सासऱ्यांनी घाबरून विचारलं.

"बसवताना बघा," तपासनीस म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

आवाज ऐकून सासूबाई आतून आल्या. नवऱ्याकडे पाहून त्यांनी कपाळावर हात मारला, पण वेळ दवडला नाही. कपडे मऊ करायच्या द्रावणाचा कॅन आणून त्यांनी मनगटावर ओतला. मग सासऱ्यांना मागून धरून त्या भिंतीला टेकल्या आणि जावयाने सीटी धरून ताणली.

"ओढा, जावईबापू! माझा विचार करू नका!"

"मी करतच नाहीये, बाबा!"

सीटी सुटली ती थेट तपासनीसाच्या मांडीत. जावई यंत्रांच्या दारावर आदळला. तपासनीसाने रुमालाने सीटी नीट पुसली, टर्मिनल कोरडी आहेत का ते पाहिलं, तपासणी-यंत्र लावून ती ठीक असल्याची खात्री केली आणि जावयाच्या हातात दिली. "आता दिशा."

या वेळी दिशा चुकली नाही. सील लागलं, खटका वर गेला, यंत्रं घुमू लागली. तपासनीसाने केबलला चिमटा-मीटर लावून आकडे ताडून पाहिले. तिन्ही फेज चोख जुळले. सासरे छाती फुगवून उभे राहिले, जणू सगळा भार त्यांनीच मोजला होता.

"ऐकलंत का, जावईबापूंना आणि साहेबांना चहा टाका," ते रुबाबात म्हणाले.

"तुम्हीच टाका," सासूबाई ओला पदर पिळत म्हणाल्या. "हात आत्ताच मऊ झालाय."

तपासनीस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.