बॉयलरवाल्याचं पाणी

"दिवसाला पाणी किती पिता, काका?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आमचे हे तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "पितात कसले. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी येते."

यांनी माझ्याकडे डोळे वटारले. वटारू देत. तेवीस वर्षं कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळत होते. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेसमोरून हलायचं नाही, संडास पार दुसऱ्या टोकाला. बदली माणूस मागायचा तर साहेबापुढे बोलावं लागणार. त्यापेक्षा पाणीच नको, हे यांचं शहाणपण. त्यापायी एक किडनी गेलीच होती. आता उरलेलीत दोन खडे.

"लघवी घट्ट झाली की तिच्यातल्या क्षारांचे कण बनतात, कणावर कण बसत जातो," बाई म्हणाल्या. "हे औषध तो बसू देत नाही. पण जोडीला तीन लीटर पाणी हवंच."

यांचा चेहरा एकदम खुलला. "अहो, हे तर आमचंच काम. बॉयलरच्या पाण्यात औषध घातलं की नळ्यांना थर धरत नाही."

"आणि तळाचा गाळ?" बाईंनी विचारलं.

"दिवसातून दोनदा खालची तोटी उघडून पाणी सोडून देतो की."

"मग तेच करा."

यांनी नेमकं अर्धंच ऐकलं. औषध घड्याळ लावून घेतलं, पाणी घोटभर. मी डोकं आपटलं, तर म्हणाले, "अगं, मी हललो आणि बॉयलर फुटला तर माणसं मरतील. मला काय होतंय, औषध चालू आहे ना."

तेव्हा मीच साहेबाकडे जायला हवं होतं. गेले नाही. अजून मनाला खातं ते.

सात महिन्यांनी भर पाळीत खडा अडकला. लघवी बंद, अंगात हुडहुडी. तरी पुढच्या पाळीचा माणूस येईपर्यंत, चार तास, हे उभेच. दवाखान्यात नेईस्तोवर ती किडनीही हातची गेली.

आता आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करून आणतो. लघवी होत नाही, प्यालेलं अंगातच साठतं; म्हणून दिवसाला पाऊण लीटर पाणी, वर एक घोट नाही. सकाळी मी मापून ठेवते, दुपारपर्यंत ते संपतं.

काल म्हणाले, "अर्धा कप देतेस? उद्याच्यातून कापून घे."

मी नाही म्हणाले.

"बरं," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मला तहान लागली की मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेते, आणि आवाज होऊ न देता पिते.