रक्त नासलं कोणी?

नूर मोहम्मदच्या पोटरीत नांगराचा फाळ घुसला, तोही चिखलासकट. फाळ कुरखेड्यात त्याच्याकडे धारेला आला होता. त्यानं तो उपसला, जखमेला फडकं बांधलं आणि आधी धार लावून दिली.

दुसऱ्या दिवशी पाय कोहळ्याएवढा सुजला. दवाखान्यात रक्त काढलं, नळी जीपनं ब्रह्मपुरीच्या लॅबला गेली. तिथल्या मोहसीनचा फोन आला, "नमुना खराब. लाल पेशी फुटल्या साऱ्या. सिस्टर, रक्त काढलं का पिळून काढलं?"

सिस्टरनं रस्त्याला दोष दिला. आमच्याकडे रस्ता सगळ्यांच्या उपयोगी पडतो. अंडी फुटली, दही हिंदकळलं, जावई उशिरा आला, आरोपी तोच. दुसरी नळी रुमालात गुंडाळली. जीपवाल्या लच्छूनं ती नव्या नवरीसारखी नेली. उत्तर तेच. मग सिस्टर लच्छूला, लच्छू मोहसीनला आणि मोहसीन सिस्टरला बोलू लागला.

तोवर नूर मोहम्मद हळदीसारखा पिवळा पडला होता. सूज दाबली की आत चुरचुर वाजे. लघवी कोऱ्या चहासारखी. ती बाटली त्याच्या बायकोनं, खैरुननं, डॉक्टरांसमोर धरली.

"डॉक्टरसाहेब, हे तं जीपमधी बसून नाई आलं ना?"

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. मग ॲम्ब्युलन्ससाठी ओरडले.

ब्रह्मपुरीला मोहसीननं खाटेशी येऊन स्वतः रक्त काढलं. मशीनमध्ये नळी फिरवली. वर पिवळं पाणी यायला हवं, लालच आलं. दोष द्यायला त्यानं इकडेतिकडे पाहिलं. कोणीच नव्हतं.

"खाला," परत खाटेशी येऊन तो खैरुनला हळू म्हणाला, "रक्त नळीत नाई, अंगातच फुटून राह्यलं."

सर्जननं समजावलं, की जखमेतले जंतू विष सोडताहेत आणि ते विष लाल पेशींची साल फाडतंय. औषध सुरू केलंय, पण जंतूंचं घर पायात आहे. "पाय ठेवला तर माणूस जाईल. कापला तरी खात्री देत नाही."

"कापा," खैरुन म्हणाली.

नूर मोहम्मदनं डोळे किलकिले केले. "अवो, मले तं विचार."

"तुमाले विचारत बसली तं उद्या कोनाले विचारू?"

तो हसायला गेला, दातच वाजले. स्ट्रेचर हललं, तरी तिची बोटं त्याच्या मनगटावरून सुटेनात. शेवटी मोहसीननं ती एकेक करून सोडवली.

दार बंद झालं.

"खाला, बसा."

ती बसली नाही.