ढब्बूला ‘बस’ कोणी शिकवलं?

मी एक जुना चामड्याचा पट्टा आहे. कुत्र्याला फिरायला नेताना माणसं हातात धरतात, तो. आता दाराआडच्या खुंटीवर मी छत्रीशेजारी लटकत असतो. पण मित्रांनो, एके काळी मला क्षणाचीही उसंत नव्हती.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला दुहेरी टाक्यांनी शिवले. मला विकत घेतले ते जहाजावर नोकरी करणाऱ्या एका तरुणाने. घरी त्याचे वडील आणि बायको अशी दोनच माणसं. आई गेल्यापासून घर मुके झालेले. म्हणून पुन्हा समुद्रावर जाण्याआधी त्याने त्यांना सोबत म्हणून एक गुबगुबीत पिल्लू आणून दिले. त्याचे नाव ढब्बू.

वडिलांना सगळे आजोबा म्हणत; ते पूर्वी घड्याळं दुरुस्त करत. सून औषधांच्या दुकानात काम करी. भांडण असे नव्हते, पण दोघांचे बोलणे ‘दूध आलं का’ आणि ‘दार लावून घ्या’ एवढ्यावर संपायचे. सकाळी सून ढब्बूला फिरवी, संध्याकाळी आजोबा. दोघांच्याही हातात मीच.

ढब्बू अंगाने वाढला, अकलेने नाही. एकदा जिन्यात त्याने खालच्या मजल्यावरच्या काकूंवर प्रेमाने उडी घेतली. काकू पडल्या, त्यांचे मनगट मुरगळले. घरमालक वर आले. “महिनाभरात सुधारला तर ठीक. नाहीतर त्याची दुसरीकडे सोय बघा,” म्हणाले.

मग शिकवणी सुरू झाली. सकाळी सून पावाचा तुकडा दाखवून म्हणे, “बस.” संध्याकाळी आजोबा मला हिसका देऊन म्हणत, “खाली.” बिचारा ढब्बू कधी उभा राही, कधी लोळण घेई, आणि काहीच सुचले नाही की कान खाजवत राही.

एका संध्याकाळी सुनेने हे दारातून पाहिले.

“बाबा, तुम्ही त्याला ‘खाली’ म्हणता?”

“मग काय म्हणू?”

“बसायला मी ‘बस’ म्हणते. ‘खाली’ म्हटलं की आडवं व्हायचं, असं शिकवतेय.”

“मग मला सांगायचं नाही का?”

“आपण बोलतो कुठे, बाबा?”

आजोबांनी मला बाजूला ठेवले. मग खुर्ची ओढून बसले. “सांग आता. सगळे शब्द सांग.”

त्या दिवसापासून घरात एका कामाला एकच शब्द झाला. घड्याळाचे बारीक स्क्रू सांभाळलेली आजोबांची बोटं पावाचा तुकडा ढब्बूच्या नाकावरून हळूच मागे नेऊ लागली. मान वर गेली की त्याचे बूड आपोआप टेके. त्याच क्षणी तुकडा तोंडात आणि शाबासकी पाठीवर. हिसके बंद. तो ओढू लागला की जागच्या जागी उभे राहायचे, मी सैल पडलो की पुढे निघायचे. रस्त्यात असे खांबासारखे उभे असताना कुणीतरी विचारले, “आजोबा, काही हरवलंय का?”

“याची अक्कल,” आजोबा म्हणाले. “मिळेपर्यंत थांबतोय.”

महिना संपला. घरमालक काकूंना घेऊन आले. ढब्बूची शेपटी गरगरू लागली, पुढचे पाय उचलले गेले. आजोबांनी मला आवळले नाही, उलट हात सैल सोडला आणि शांतपणे म्हणाले, “बस.”

ढब्बू थरथरत होता, पण बसला. काकूंनी भीत भीत हात पुढे केला. त्याने तो नुसता हुंगला.

“राहू दे त्याला,” काकू घरमालकांना म्हणाल्या. “माझ्या नातवंडांपेक्षा बरा ऐकतो.”

पुढची वर्षं किती सुखाची गेली! आता फिरायला दोघंही एकत्र निघत. दुकानातली गिऱ्हाइकं, जहाजावरून आलेला फोन, गेलेल्या आजींची आठवण, अशा सगळ्या गप्पा माझ्या डोक्यावर रंगत. उतारवयात ढब्बूला ऐकू येईना, तेव्हा आजोबांनी तळहात दाखवला तरी तो बसे. मी दोघांमध्ये सैल झुलत असे. मग एका हिवाळ्यात ढब्बू गेला.

तेव्हापासून मला तेलाचा हात लागलेला नाही. चामडे तडकले आहे. माझे राहू द्या. पण मित्रांनो, मुक्या जिवाला शिकवायला घ्याल, तेव्हा आधी घरातल्यांनी आपापसात बोलून शब्द ठरवा. तो चुकला तर ओढू नका, थोडे थांबा.

आजही संध्याकाळ झाली की सून चपला घालते. “बाबा, येताय ना?” आजोबा येतात. दोघं बोलत बोलत जिना उतरतात, आणि मी खुंटीवरून ऐकत राहतो.