आतला खिसा

"चष्मा हिच्या डोळ्याला, आणि सुईत दोरा ओवायचा मी," सासू पुटपुटली. शिंपीणबाईनं मान वर केली नाही. दुकानदाराचा कोट हातात होता, आणि हा कोट तिला मनासारखा शिवायचा होता.

शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम होता. पाहुणा म्हणून दुकानदारच बोलणार होता. त्याच्या दुकानाच्या मागच्या खिडकीतून शाळेतली पोरं चपट्या बाटल्या नेत, हे गावाला पाठ होतं. पण विहिरी आटल्या की अर्ध्या गावाच्या वाफ्यांना त्याच्याच बोअरच्या मोटारीचं पाणी. भेगाळलेल्या रानाकडे बघून जो तो जीभ आवरायचा.

पंधरवड्यापूर्वी शिंपीणबाईची चौदा वर्षांची पुतणी बांधाआड बेशुद्ध सापडली. वाचली, पण तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिचा गणवेश धुताना शिंपीणबाईच्या हाताला आतला खिसा लागला. खिशात बाटली, आणि खिशाला दुहेरी टाका. असला टाका गावात एकाच मशीनचा. "काकू, मोबाइल ठेवायला हवा," म्हणत बारा-तेरा पोरापोरींनी तिच्याकडून तसले खिसे लावून घेतले होते. तिनंही कौतुकानं लावून दिले. मोबाइल किती जणांकडे आहेत, हे विचारायचं काही तिला सुचलं नव्हतं.

दुकानदारानं कोटासाठी तीनदा माणूस धाडला. तिन्ही वेळा तिनं काजं राहिलीत म्हणून त्याला वाटेला लावलं. कार्यक्रमाच्या दिवशी भर उन्हात स्वतःच शाळेच्या पटांगणात गेली आणि सगळ्यांदेखत कोट त्याच्या अंगावर चढवला. बसला कसा झकास, असं दोघं-चौघं म्हणालेही.

भाषणाचा कागद ठेवायला त्यानं आत हात घातला. हाताला काच लागली. ओढली तशी चपटी रिकामी बाटली बाहेर आली, मागोमाग गणवेशाच्या निळ्या कापडाचा खिसाही उलटा होऊन लोंबला.

हेडमास्तर जमिनीकडे बघू लागले. सरपंचांना नेमका तेव्हाच चपलेत खडा सापडला. दुकानदार कसनुसं हसला. "शिंपीणबाई, माप चुकलं वाटतं?"

"नाही चुकलं," ती म्हणाली, आणि बायांकडे वळली. "ह्याच मापाचे खिसे तुमच्या लेकरांच्या कपड्यांना मी लावलेत. माझ्या पुतणीच्यासुद्धा. त्यात काय ठेवता, म्हणून एकदाही विचारलं नाही. उद्या पाणी तुटलं तर आधी माझ्या दिराचं तुटेल, ते मला कळतं. पण आपल्या पोरांना हा माणूस दारू पाजतो, आणि वाफ्यातल्या पाण्यासाठी आपण सगळे गप्प बसतो."